कार्डाचा फोटो मागितलाय: काय दाखवायचं, काय झाकायचं?

वाचकाचं पत्र:

"मी शहादा तालुक्यातला शेतकरी. मुलगी एम.एस्सी.साठी जर्मनीला चालली आहे. मुंबई ते फ्रँकफर्ट एकेरी तिकीट एका परदेशी विमान कंपनीच्या वेबसाइटवरून शहाद्यात बसूनच काढलं. माझ्याकडे क्रेडिट कार्ड नाही, म्हणून तिच्या सुरतमधल्या उधन्याच्या मामांचं वापरलं. त्यांनी फोनवर आकडे सांगितले, आम्ही भरले. ओटीपी मागितलाच नाही, थेट ५२,४०० रुपये गेले. पीएनआर आला. दोन तासांनी मेल आला की पेमेंटची पडताळणी करायची आहे, कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, कार्डधारकाचं ओळखपत्र आणि प्रवाशाचा पासपोर्ट उड्डाणाच्या ७२ तास आधी पाठवा, नाहीतर बुकिंग रद्द. मामांचं आधार आणि मुलीचा पासपोर्ट मी झेरॉक्सच्या दुकानातून पाठवून दिला. आता मामा म्हणतात, कार्डाचा फोटो देणार नाही. मंडळी म्हणते, द्या, तिकीट जाईल. बारा दिवस उरलेत. मेल खरा आहे का? आणि गेलेल्या आधारचं काय?"

भाऊ, कार्डाचा उघडा फोटो द्यायचा नाही, हे मामांचं खरं. गप्प बसलं तर तिकीट जाईल, हे वहिनींचं खरं. मार्ग मधला आहे: फोटो पाठवायचा, पण त्यात कार्ड ओळखण्यापुरतंच दिसलं पाहिजे, वापरण्यापुरतं नाही. मात्र त्याआधी मेल कुणी पाठवला ते बघू.

खरं-खोटं मेल वाचून ठरत नाही. कंपनीचं चिन्ह, रंग, सही, सगळं उचलता येतं. मेलमधल्या लिंकला आणि फोन नंबरला हात न लावता ब्राउझरमध्ये कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा, किंवा कंपनीचं ॲप उघडा. पीएनआर आणि मुलीचं आडनाव टाकून बुकिंग काढा आणि तिथे ई-तिकीट नंबर दिसतो का ते पाहा. हा नंबर तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, लुफ्तान्साचे २२०, एमिरेट्सचे १७६. पीएनआर आला म्हणजे तिकीट निघालं असं नाही, इथेच पुष्कळ जण फसतात. पीएनआर म्हणजे फक्त जागेची नोंद. तेरा आकडी नंबर आलेला नसेल, किंवा पेमेंट प्रलंबित असल्याची सूचना तिथेही दिसत असेल, तर कंपनीने बुकिंग खरोखर अडवून धरलं आहे आणि मेल बहुधा तिचाच आहे. नंबर आलेला असला तरी मेल खोटाच असं समजू नका. काही कंपन्या तिकीट काढून मग तपासतात.

दुसरी तपासणी पाठवणाऱ्याच्या पत्त्याची. मोबाइलवर नुसतं नाव दिसतं. त्या नावावर बोट ठेवलं की पूर्ण पत्ता उघडतो. तो उजवीकडून वाचा. डॉट कॉमच्या लगेच डावीकडे जे नाव आहे, ते मालकाचं. तिथे कंपनीचं नाव जसंच्या तसं असेल तर ठीक. कंपनीच्या नावाला आडवी रेघ देऊन 'व्हेरिफाय' किंवा 'पेमेंट' जोडलेलं असेल तर तो वेगळाच पत्ता झाला, आणि असा पत्ता कुणालाही विकत मिळतो. शंका उरली तर फोन करा, पण नंबर कंपनीच्या स्वतःच्या 'संपर्क' पानावरून घ्या. गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून वर जो पहिला नंबर येतो, तो बऱ्याचदा ठगाचाच असतो. फोनवर एकच प्रश्न विचारायचा: या पीएनआरवर पडताळणी लावली आहे का आणि कागद कुठे अपलोड करायचे? समोरच्याने ओटीपी मागितला, स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगितलं किंवा एखादी एपीके फाइल (म्हणजे बाहेरचं ॲप बसवणारी फाइल) पाठवली, तर तिथेच फोन ठेवा.

आता कंपनी असं मागते का? समजा, तुमचा पपईचा ट्रक दिल्लीला गेला, माल बाजारात विकला गेला आणि मग पार्टीचा चेक परत आला, तर पपई परत येत नाही. विमानातली खुर्ची तशीच नाशवंत. चोरलेल्या कार्डावर कुणी तिकीट काढून उडून गेला आणि महिनाभराने खऱ्या मालकाने बँकेत तक्रार केली, की बँक ते पैसे कंपनीकडून परत घेते. याला चार्जबॅक म्हणतात. ओटीपीने झालेल्या व्यवहारात हा भुर्दंड साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो, कारण ग्राहक ओळखण्याचं काम तिने केलेलं असतं. भारतात ऑनलाइन कार्ड व्यवहाराला ही दुसरी ओळख रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीची केली. पण पैसे परदेशातल्या गेटवेतून, म्हणजे पैसे कापणाऱ्या यंत्रणेतून, गेले तर बऱ्याचदा ओटीपी नसतो, आणि मग भुर्दंड कंपनीच्या डोक्यावर. तुमच्या व्यवहारात हेच झालेलं दिसतं. त्यात कार्ड सुरतचं, इंटरनेट शहाद्याचं, कार्डावरचं नाव प्रवाशात नाही, तिकीट एकेरी आणि प्रवास जवळचा. तुम्ही वावगं काही केलेलं नाही, पण संगणकाला संशय यायला एवढं पुरतं.

म्हणजे कंपनीला एवढंच बघायचं आहे की कार्ड खरोखर मामांच्या हातात आहे आणि त्यांना हा खर्च माहीत आहे. त्यासाठी पूर्ण नंबर लागत नाही आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही तर कधीच लागत नाही. कार्ड कंपन्यांचे सुरक्षा नियमच सांगतात की व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही कुणी साठवायचा नाही, आणि नंबर दाखवायचा तर पहिले सहा (काही कार्डांत आठ) व शेवटचे चार, याहून जास्त नाही. मेल पुन्हा सावकाश वाचा. खऱ्या कंपन्यांच्या मेलमध्ये 'मधले आकडे झाका' असं वाक्य बहुधा खाली बारीक अक्षरात असतं, आणि घाईत ते वाचायचं राहून जातं.

झाकायचं कसं, हे नीट समजून घ्या, चुका इथेच होतात. सोळा आकडे चार-चारच्या चार गटांत असतात. पहिले सहा आणि शेवटचे चार दाखवायचे तर दुसऱ्या गटातले शेवटचे दोन आणि तिसऱ्या गटातले चारही झाकले जातात. सहाच आकडे झाकल्यावर शक्यता दहा लाख उरतात असं वाटतं, पण कार्डाचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून हिशेबाने येतो, त्यामुळे खऱ्या शक्यता एक लाखच राहतात. संगणकाला एक लाख म्हणजे काही नाही. म्हणून आमचं मत असं की कंपनीने स्पष्ट मागितले नसतील तर पहिले सहा दाखवूच नका. शेवटचे चार आणि नाव पुरे. मुदतीची तारीखही झाका.

झाकायला कागदच वापरा. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी दोनदा दुमडा, आकड्यांवर ठेवा, दोन्ही टोकं सेलोटेपने चिकटवा आणि मग फोटो काढा. फोटो काढून मोबाइलमध्ये मार्करने रेघ ओढू नका. त्यातली बरीच मार्कर अर्धपारदर्शक असतात. फोटोचा उजेड वाढवला की काळ्या रेघेखालचे आकडे वर येतात. पीडीएफवर काळी चौकट टाकली तर कधी कधी ती नुसती वर ठेवलेली असते, सरकवली की खालचं सगळं तसंच. कागदाखालचं मात्र फोटोत मुळात जातच नाही.

मागची बाजू शक्यतो पाठवू नका. पाठवायचीच असेल तर सीव्हीव्ही पूर्ण झाका. आकडे उठावदार असलेल्या जुन्या कार्डांवर तेच आकडे मागून उलटे उमटलेले असतात, तिथेही पट्टी लावा. पुढून झाकलेलं मागून आरशात वाचता आलं तर काय उपयोग? उलट काही नव्या कार्डांवर पुढे नुसतं चित्र आणि नंबर, तारीख, सीव्हीव्ही सगळं मागे. अशा वेळी मागच्या बाजूचे शेवटचे चार आकडे आणि नाव तेवढं उघडं ठेवायचं. कार्ड अमेरिकन एक्सप्रेसचं असेल तर आकडे पंधरा असतात आणि चार आकडी गुप्त कोड पुढच्या बाजूलाच छापलेला असतो.

सोबत मामांचं संमतीपत्र जोडा, इंग्रजीत, साध्या कागदावर. त्यात मामांचं नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, तारीख, पीएनआर, प्रवाशाचं नाव, 'ही माझी भाची आहे आणि हा खर्च माझ्या संमतीने झाला आहे' असं एक वाक्य, आणि खाली सही. कार्डामागे सही असेल तर तशीच. पूर्ण नंबर या पत्रात लिहायचा नाही. आम्हाला विचाराल तर हे पत्र फोटोपेक्षा जास्त कामाचं आहे, कारण कंपनीची मूळ शंका नात्याची आणि संमतीची आहे.

पाठवताना कंपनीच्या वेबसाइटवर बुकिंगमध्ये अपलोडची सोय असेल तर तीच वापरा. नसेल तर मामांनी स्वतःच्या मेलवरून, तपासून घेतलेल्या पत्त्यावर पाठवावं. मामांना मोबाइलवर जमत नसेल तर घरातल्या पोराकडून करून घ्यावं, पण मेल त्यांचाच हवा.

आता आधार. परदेशी कंपनीला आधारचा बारा आकडी नंबर कुठल्याच कामाचा नाही. तिला नाव आणि फोटो जुळवायचा आहे. वाहन परवान्यावर भागतं. पॅन कार्ड देऊ नका, कर्जाची सगळी कुंडली त्याच नंबरावर असते. आधारच द्यायचं झालं तर 'मास्क्ड' द्या: मायआधार पोर्टलवर नंबर आणि ओटीपी टाकून डाउनलोड करताना मास्क्डच्या चौकटीत खूण करा, म्हणजे पहिल्या आठ आकड्यांच्या जागी फुल्या येतात. पीडीएफचा पासवर्ड आठ अक्षरी असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. प्रिंट काढून त्यावर तिरकं लिहा: 'फक्त अमुक कंपनी, पीएनआर अमुक, तारीख अमुक', अक्षरं फोटोच्या कडेवरून जातील अशी, इंग्रजीत. पासपोर्टच्या प्रतीवरही हेच.

तुमचं आधार उघडं गेलं आहे आणि तेही झेरॉक्सच्या दुकानातून. खरं सांगायचं तर विमान कंपनीपेक्षा आम्हाला त्या दुकानाचीच जास्त काळजी वाटते. दुकानदार भला माणूस असेल, पण तो संगणक अख्ख्या बाजारपेठेचा आहे. तुम्ही त्याच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकला असेल तर तुमच्याकडून 'सर्वांसाठी हटवा' केल्याने चॅटमधला जातो, तोही साधारण दोन दिवसांच्या आत केलं तरच. संगणकाच्या 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये उतरलेली प्रत तशीच राहते. आजच जा, समोर उभं राहून डाउनलोड्समधून आणि मग रिसायकल बिनमधून काढून टाकायला सांगा. स्कॅन केलं असेल तर स्कॅनचं फोल्डर वेगळं असतं, तेही बघा. तिथे तुमचं जीमेल उघडलं असेल तर घरी येऊन गूगल खात्यात 'तुमची डिव्हाइसेस' उघडा आणि तो संगणक साइन आउट करा. आणि हो, मामांनी फोनवर सांगितलेले आकडे कुठल्या कागदावर उतरवले होते? तो शोधून फाडा.

नुसत्या आधार नंबरावर खात्यातून पैसे निघत नाहीत. धोका दोन-तीन ठिकाणी आहे. पहिला, अंगठ्यावर पैसे काढायच्या सोयीचा. त्यासाठी मामांनी मायआधार पोर्टलवर किंवा आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करावं. पण हे समजून करा: लॉक असलं की रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, त्या वेळेपुरतं उघडावं लागतं. त्याच पोर्टलवर मागच्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं याच्या पन्नासपर्यंत नोंदी दिसतात; अनोळखी नोंद असेल तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर कळवावं. दुसरा धोका सिमकार्डाचा. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते दिसतं आणि 'हा माझा नाही' असं तिथेच नोंदवता येतं. तिसरा धोका नावावर कर्ज निघण्याचा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा नियम आहे. चारही एकदम काढू नका. आता एक, तीन महिन्यांनी दुसरा, असं केलं तर फुकटात वर्षभर नजर राहते. अहवालात खात्यांइतकंच 'एन्क्वायरी' या भागाकडे बघा. न मागितलेल्या कर्जाची चौकशी आधी तिथे उमटते.

मुलीच्या पासपोर्टची प्रत गेली म्हणून पासपोर्ट रद्द करायची गरज नाही. प्रतीवर कुणी प्रवास करू शकत नाही.

मामांना आजच एक काम सांगा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बंद करायचा आणि ऑनलाइन मर्यादा गरजेपुरती ठेवायची. ही चालू-बंद करण्याची सोय देणं रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बँकांना बंधनकारक केलं आहे. ओटीपीशिवाय पैसे जाण्याची वाट मुख्यतः तीच, आणि ती बंद केल्याने झालेल्या तिकिटाला काही होत नाही. नंबर आणि सीव्हीव्ही चुकून कुठे उघडा गेला असेल तर मात्र कार्ड ब्लॉक करून नवीन घ्या. पण जुनं कार्ड कापून टाकू नका. विमानतळावर 'ज्या कार्डावर तिकीट काढलं ते दाखवा' म्हणणाऱ्या कंपन्या आहेत. मुलगी उडेपर्यंत ते आणि बँकेचा कार्ड बदलल्याचा मेल जपून ठेवा.

अनोळखी खर्चाचा मेसेज आलाच तर आधी बँक, लगेच १९३० वर सायबर तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चार ते सात दिवसांत ठरावीक मर्यादेपर्यंत. पण कार्डाचे तपशील स्वतःच दिले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून फोनवर सीव्हीव्ही सांगण्याची सवय घरात बंद करा. पुढच्या वेळी मामांनीच तिथून पैसे भरावेत.

झाकलेल्या फोटोवर कंपनी अडून बसली, सीव्हीव्हीसकट फोटो हवाच म्हणाली, तर ऐकू नका. लेखी विचारा, मुंबईच्या कार्यालयात किंवा काउंटरवर मामांनी कार्ड प्रत्यक्ष दाखवलं तर चालेल का? उधन्याहून मुंबई रेल्वेने एका दिवसात जाऊन-येऊन होते. तेही नाही म्हणाले तर पडताळणीच्या कारणाने दंड न लावता रद्द करायला सांगा आणि तिकीट नव्याने तुमच्या खात्यातून नेट बँकिंगने काढा, किंवा वेबसाइट घेत असेल तर यूपीआयने. यूपीआयची नेहमीची मर्यादा व्यवहाराला एक लाख आहे, तुमचं बसतं. त्यात पैसे देणारा आपल्याच बँकेत पिन किंवा पासवर्ड टाकतो, त्यामुळे साधारणपणे असा फोटो मागितला जात नाही. हा निर्णय चार-पाच दिवसांत घ्या. उड्डाण जवळ आलं की भाडं चढतं आणि मामांचे पैसे परत यायला वेळ लागतो. परतावा येईल तो मामांच्या त्याच कार्डावर. 'रिफंड यूपीआयवर टाकतो, क्यूआर स्कॅन करा, पिन टाका' असा फोन आला तर तो ठगच. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

पडताळणी पार पडली की तेरा आकडी नंबर आल्याची खात्री करा. संमतीपत्राची आणि झाकलेल्या फोटोची एक-एक प्रिंट मुलीच्या हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनला पुन्हा विचारू शकतात. आणि मुंबईला सोडायला जाल तेव्हा बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला टाकू नका. त्यावर आडनाव आणि पीएनआर दोन्ही असतात, आणि तेवढ्यावर तुम्ही सुरुवातीला उघडलं तेच बुकिंगचं पान कुणालाही उघडता येतं. फोटो मुलीचा टाका.